वहिनीनं नाटकाचे तुकडे केले

आमच्या नाटकमंडळीत माझ्या वहिनीला कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे तिला ‘कुजबूज’ म्हणतात. विंगेच्या अंधारात स्टुलावर बसून ती नटांना विसरलेली वाक्यं सांगते, आणि तिचा आवाज ज्याला हवा त्यालाच पोचतो. पहिल्या रांगेतल्या माणसाला वाटतं, कुठेतरी पंखा फिरतोय. घरी मात्र याच बाईनं स्वयंपाकघरातून हाक मारली की शेजारचे दार उघडून बघतात. माझा थोरला भाऊ, म्हणजे तिचा नवरा, म्हणतो की हिचा सगळा हळू आवाज नाटकात खर्च होतो आणि उरलेला आमच्या वाट्याला येतो.

मी त्याच मंडळीत कपडेपट सांभाळते. नटांचे कपडे शिवणं, उसवणं, इस्त्री करणं, आणि पोट सुटलेल्या नटाला ‘छे हो, कापडच आटलंय’ असं सांगत त्याची बटणं सरकवून लावणं, हे माझं काम. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे मी कुणाला काही बोलले तर वाईट वाटायला नको.

वहिनी दिवसा एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात प्रोग्रामर आहे. लोक पत्ता लिहितात तो एका दमात. घराचा नंबर, गल्ली, समोरचं दुकान, फोन, आणि शेवटी ‘बेल वाजवू नका, बाळ झोपलेलं असतं’. ही सगळी लांबच लांब ओळ कॉम्प्युटरकडून कापून घ्यायची, नंबर वेगळा, गल्ली वेगळी, फोन वेगळा, असं तिचं काम. त्यासाठी ती जे वापरते त्याला ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात. एकदा मी टेबलावर कापड पसरून खडूनं खुणा करत होते, तेव्हा तिनं मला ते समजावून सांगितलं. म्हणाली, तू रेघ मारून ‘इथे काप’ म्हणतेस. मला तसं करून चालत नाही, पत्ते रोज नवे येतात. म्हणून मी कॉम्प्युटरला जागा दाखवत नाही, जागेचं वर्णन सांगते. ‘आकडा संपून स्वल्पविराम आला की तिथे काप.’ एकदा वर्णन नीट सांगितलं की तो हवे तेवढे पत्ते कापत सुटतो. मी म्हटलं, म्हणजे पोलीस चोराचं वर्णन देतात तसं. ती खूश झाली आणि म्हणाली, अगदी तसंच, आणि वर्णन जरा ढिलं झालं की भलताच माणूस पकडला जातो.

आता बाबांबद्दल सांगते, कारण हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच होता. माझ्या बाबांनी आयुष्यभर आमच्याच मंडळीचं नेपथ्य लावलं. भिंती उभ्या करायच्या, दारं बसवायची, आणि पडदा वर गेला की त्या भिंतींच्या मागे उभं राहून नाटक ऐकायचं. शेकडो प्रयोग त्यांनी पाठीमागून ऐकले, तरी प्रत्येक विनोदाला ते नव्यानं हसायचे. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिनं नाटक म्हणून बघितलेलं नव्हतं. तिला विंगेत नेऊन बसवलं ते बाबांनीच.

मग त्यांचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी ते आमच्यावरच चिडायचे, तोंडातल्या तोंडात का बोलता म्हणून. मग कानात यंत्र आलं. घरात त्याचा थोडाफार उपयोग व्हायचा, पण थिएटरात त्यातून नुसता खळखळाट यायचा. तरी ते हट्टानं नाटकाला येत राहिले. शेजारचा माणूस हसला की हे हसायचे, एक क्षण उशिरा. एकदा शेजारच्याला खोकला आला आणि बाबा खो खो हसले. ऐन रडण्याच्या प्रवेशात. पाच-पन्नास माना वळल्या. त्या दिवसापासून त्यांनी नाटक सोडलं. आम्ही निघालो की म्हणायचे, तुम्ही जा, मी घर बघतो. घर काय बघायचं होतं? घर कुठे पळून जात होतं? मला त्यांचा राग यायचा आणि जिना उतरताना रडूही यायचं, खोटं कशाला बोलू.

वहिनी रडणाऱ्यांतली नाही. तिच्या ऑफिसात दिव्यांच्या अक्षरांची एक लांबोडकी पाटी धूळ खात पडली होती. काउंटरवर ‘पुढचा नंबर’ दाखवायची असते ना, तसली, फक्त मोठी. साहेबांना गोड बोलून ती तिनं रिक्षात घालून घरी आणली आणि आम्हाला बजावलं की नवीन नाटकाला बाबा येणार. नट जे बोलेल ते त्याच वेळी पाटीवर उमटेल. ती स्वतः मागे बसून एकेक बटण दाबेल. बाबा वाचतील आणि हसतील. दादा म्हणाला, एवढं नाटक त्या पाटीवर मावणार कसं? वहिनी म्हणाली, कापून.

पण कापायचं कोणतं नाटक, हाच तर प्रश्न होता. आमचे मास्तर स्वतःच नाटक लिहितात, स्वतःच बसवतात आणि मुख्य कामही स्वतःच करतात. सकाळी लिहिलेलं त्यांना दुपारी आवडत नाही. दोन बोटांनी टाइप करतात, ओळ संपली तरी खालच्या ओळीवर जात नाहीत, आणि रोज नवीन प्रत पाठवतात. वहिनीनं हातानं एकेक वाक्य कापलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सगळं मुसळ केरात. म्हणून तिनं ठरवलं की कापण्याचं वर्णनच लिहायचं. मास्तरांनी खुशाल रोज नाटक बदलावं, नवी प्रत आली की कॉम्प्युटर क्षणात तिचे तुकडे पाडेल.

नाटक होतं एका चोराचं. चोर घरात शिरतो, घरची मंडळी त्याला डॉक्टर समजतात आणि तो बिचारा सगळ्यांना तपासत बसतो. चोर अर्थातच मास्तर. प्रतीत प्रत्येकाच्या बोलण्याआधी त्याचं नाव आणि दोन टिंबं, ‘चोर:’, ‘मालकीण:’, ‘शेजारीण:’ असं लिहिलेलं. वहिनीनं कॉम्प्युटरला सांगितलं की एक शब्द आणि त्याला लागून दोन टिंबं दिसली, की तिथे काप. कापलं. तुकडे असे सुरेख पडले, की तिनं आनंदानं दादाला दोनदा चहा करून दिला.

रंगीत तालमीला तिनं बाबांना आणलं. रंगीत तालीम म्हणजे कपडे, दिवे, सगळं खऱ्यासारखं, फक्त प्रेक्षक नाहीत. पाटी रंगमंचाच्या कोपऱ्यात टांगली होती. बाबा चष्मा पुसून बसले. मी विंगेतून त्यांच्याच चेहऱ्याकडे बघत होते. सुरुवातीला ते पुढे झुकले. मग कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांनी मास्तरांकडे, पाटीकडे, मालकिणीकडे आणि पुन्हा पाटीकडे बघितलं. शेवटी खुर्चीला पाठ टेकून ते छताकडे बघत राहिले.

घरी आल्यावर कळलं काय झालं ते. कॉम्प्युटर ज्या जागी कापतो ती जागा तो फेकून देतो, हे वहिनीच्या लक्षातच आलं नव्हतं. पत्ते कापताना स्वल्पविराम फेकला गेला तर कोण रडतंय? इथे मात्र सगळी नावं कचऱ्यात गेली होती. पाटीवर नुसती वाक्यं, कुणाचं कोणतं काही पत्ता नाही. त्यात चोर कपाटाआडून बोलत होता आणि मालकीण समोर उभी. ‘मी तुमचं कपाट फोडलंय, पण मनाला लागलंय’ हे वाक्य बाबांनी मालकिणीच्या तोंडी घातलं. पुढचं अख्खं नाटक त्यांना एका चोरट्या बाईचं वाटलं, जिला एक सज्जन डॉक्टर वाचवायला बघतो. मास्तर आणि सज्जन! मला हसू आवरेना, पण बाबांच्या चेहऱ्याकडे बघून मी ते गिळलं.

ते शांतपणे म्हणाले, “सूनबाई, तू खूप केलंस. आता पुरे. लोकांसमोर मला पुन्हा वेडं व्हायचं नाहीये.”

वहिनीनं मान हलवली आणि आत जाऊन धाडकन कॉम्प्युटर उघडला. तिच्या नाकाचा शेंडा लाल झालेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. मी मागे उभी राहून म्हटलं, अगं, मी बाही कापली तर बाही फेकून देते का? शिवायला तीच तर लागते. ती माझ्यावर खेकसली की मला माहितीये, आणि जरा वेळानं स्वतःशीच हसली. वर्णनाच्या भोवती कंस घातला, की कापलेला भागही तुकड्यांच्या रांगेत जागेवर राहतो, असा नियमच आहे म्हणे. कामाला लागल्यापासून तो तिला माहीत होता, पण ऑफिसात कधी गरजच पडली नव्हती. एवढासा कंस, आणि सगळी नावं परत आली. यातलं अर्धं श्रेय माझं आहे असं मी अजून सगळ्यांना सांगते, आणि वहिनी अजून नाक मुरडते.

दुसऱ्या दिवशी पाटी जेवणाच्या टेबलावर ठेवून आम्ही नाटक वाचायला बसलो. दादा मालकीण झाला, मी शेजारीण. बाबा त्यांच्या खोलीत, दार लोटून. मध्येच पाटीवर एक नवीन पात्र बोलायला लागलं. त्याचं नाव ‘ठेवा’. दादानं विचारलं, हे कोण पाहुणे? आम्ही प्रत चाळली. चोर मालकिणीला सांगतो, ‘एक गोष्ट लक्षात ठेवा: डॉक्टर कधी घाईत नसतो.’ शब्द आणि लागून दोन टिंबं! वर्णनात बसलं, म्हणून कॉम्प्युटरनं त्यालाही पकडून आणलं. मग वहिनीनं ‘कोणताही शब्द’ काढून टाकला आणि कंसात पात्रांची नावंच लिहिली, दोन नावांच्या मध्ये एकेक उभी रेघ देऊन. म्हणजे यांच्यापैकीच कुणी असेल तर काप, बाकी वाटेल तो आला तरी सोडून दे. ठेवा साहेब त्या दिवशी आले तसे गेले.

आता सगळं सुरळीत होणार असं वाटलं, तर मास्तर बिथरले. पुढच्या तालमीत दिवेवाले आणि सुतार समोर बसून पाटी वाचत होते. मास्तरांचं एक लांब भाषण होतं, त्यातला विनोद अगदी शेवटच्या वाक्यात. पाटीवर अख्खं भाषण एकदम आलं. मास्तर अजून सुरुवातीलाच होते आणि समोर हशा पिकला. विनोदापाशी पोचले तेव्हा सगळे गप्प. मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. डॉक्टरचा कोट त्यांनी काढून माझ्या अंगावर भिरकावला, जसं काही मीच त्यांचं घोडं मारलं होतं.

“कुजबूज, प्रयोगाला माझ्या तोंडातून निघायच्या आधी एक शब्द जरी त्या पाटीवर दिसला,” मास्तर म्हणाले, “तर मध्यंतरात पाटी उतरवायची. पुन्हा लावायची नाही.”

वहिनीनं कबूल केलं. मला वाटलं ही आता हात टेकणार. पण मास्तर ओरडत असताना ती त्यांच्याकडे बघतच नव्हती, हातातल्या प्रतीकडे बघत होती. इतकी वर्षं विंगेत बसून तिला आमच्या प्रत्येक नटाचा श्वास पाठ झालाय. कोण कुठे थांबतो, कुठे मुद्दाम थांबतो आणि कुठे घशाला कोरड पडली म्हणून थांबतो, हे तिला अंधारात कळतं. मास्तर जिथे मुद्दाम थांबणार असतात, तिथे ते प्रतीत ओळीनं टिंबं देतात. विनोदाच्या आधी तर हमखास. म्हणजे कापायच्या जागा मास्तरांनी स्वतःच दाखवून ठेवल्या होत्या.

फक्त ती टिंबं मोजून देतील तर ते मास्तर कसले! कुठे दोन, कुठे तीन, आणि अंगात आलं की बोट दाबूनच धरलेलं. वहिनीनं आधी ‘तीन टिंबं’ असं वर्णन दिलं. घरी पुन्हा वाचून बघितलं, तर जिथे सहा होती तिथे दोनदा कापलं गेलं आणि मध्ये एक कोरा तुकडा आला. पाटी कोरी, आणि दादा मालकिणीच्या आवाजात विचारतोय की डॉक्टर वारले का. मग तिनं ‘दोन किंवा त्याहून कितीही’ असं केलं, आणि कितीही टिंबं असली तरी ती आधीच्या तुकड्यालाच चिकटून राहतील असं बघितलं. आता पाटीवर ‘जीभ दाखवा…’ आलं की वाचणाऱ्यालाही कळायचं, मास्तर थांबलेत, अजून काहीतरी येणार आहे. दादा म्हणाला, आता मजा येतेय. मी म्हटलं, बाबांच्या दाराची फट मघापेक्षा मोठी झालीय.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी वहिनी बाबांच्या समोर खुर्ची ओढून बसली. त्यांना ओठ दिसावेत म्हणून ती नेहमी तशीच बसते. मी दारात होते.

“बाबा, हॉल भरला नाही तरी मला चालेल,” ती म्हणाली. “तुम्ही नसाल तर मी ते बटण कुणासाठी दाबू?”

बाबांनी कानातलं यंत्र नीट केलं. मग म्हणाले, येतो, पण हे शेवटचं. यानंतर मला कुणी नाटकाचं नाव काढायचं नाही. वहिनीनं त्यांच्या हातावर टाळी दिली, पण बाहेर येऊन ती भिंतीला टेकून उभी राहिली. हे चुकलं तर बाबा जन्मात थिएटरची पायरी चढणार नाहीत, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

प्रयोग दुपारचा होता. आणि मास्तरांनी, देव त्यांचं भलं करो, जेवणाच्या वेळेला नवीन प्रत पाठवली! चोर मालकांना तपासतो तो प्रवेश त्यांनी पुन्हा बदलला होता. आधी त्यात तिजोरी होती, मग कपाट झालं, आता किल्ली आली. दुसरी कुणी असती तर तिला भोवळ आली असती. वहिनीनं एका हातानं घास खात दुसऱ्या हातानं ती प्रत कॉम्प्युटरला दिली, तुकडे नीट पडलेत ना ते बघितलं आणि हात धुवायला गेली. सगळा जीव जाळून केलेलं ते वर्णन त्या दिवशी खरं कामाला आलं.

पाटी आणि रंगमंच दोन्ही दिसावं म्हणून वहिनी हॉलच्या मागे, दिवेवाल्याच्या खोलीत बसली. त्यामुळे विंगेत वाक्यं सांगायला कुणी नव्हतं. ते काम मास्तरांनी माझ्या गळ्यात घातलं. मी म्हटलं, अहो, मला हळू बोलता येत नाही. ते म्हणाले, मी विसरतच नाही, तू फक्त प्रत धरून उभी राहा.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी पाटीच्या बाजूच्या दोन रांगा राखून ठेवल्या होत्या. एक म्हातारं जोडपं आलं होतं, हातांनी बोलणाऱ्या दोन मैत्रिणी होत्या, आणि मधोमध बाबा, इस्त्रीच्या शर्टात, हाताची घडी घालून. पडदा वर गेला. पहिल्या प्रवेशात चोर खिडकीतून पाय आत टाकतो आणि म्हणतो, ‘चप्पल बाहेर काढू की आत…’ मास्तर थांबले. पाटीही थांबली. ‘नको, पळताना लागेल.’ हॉल हसला. आणि बाबा हसले. कुणाकडेही न बघता, पाटीवरून मास्तरांकडे, मास्तरांवरून पाटीकडे, नजर पळवत. हॉलच्या बरोबर! मी विंगेत एकटीच नाचले. ऐकू न येणाऱ्या त्या दोन्ही रांगा पुढे झुकल्या होत्या, आणि पुढे प्रत्येक विनोदाला तेच. मास्तर थांबायचे, वहिनीचं बोट थांबायचं, आणि मग सगळ्यांचा एकच हशा.

मग तो किल्लीचा प्रवेश आला. नेमकं त्याच वेळी शेजारणीच्या झग्याची शिवण उसवली आणि ती धावत माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिला लगेच प्रवेश होता. मी प्रत काखेत मारली, तोंडात टाचण्या धरल्या आणि तिच्या पाठीशी झटायला लागले. समोर मास्तर मालकांना तपासत होते. जीभ दाखवा… छान. डोळे दाखवा… छान. आता…

आणि मास्तर थांबले. हॉलला वाटलं, विनोद येतोय. मलाही तसंच वाटलं. पण ते थांबलेच. मग त्यांनी हळूच विंगेकडे बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत मला कोरा कागद दिसला. तिजोरी, कपाट, किल्ली, सगळ्या प्रतींची डोक्यात खिचडी झाली होती. माझ्या तोंडात टाचण्या! बोलायला जावं तर घशात, आणि थुंकाव्या तर शेजारणीच्या पायाखाली. माझी पाचावर धारण बसली. मी नुसते हातवारे करत राहिले आणि मास्तर घामाघूम होऊन त्यांचा अर्थ लावत राहिले.

मागे बसलेल्या वहिनीला ते माझ्याआधी कळलं होतं. मास्तर मुद्दाम थांबले की त्यांचा डावा खांदा वर जातो, आणि आत्ता तो खाली होता, असं ती नंतर म्हणाली. पण ती काय करणार? तिचा आवाज तिथून पोचण्यासारखा नव्हता. बटण दाबावं, तर मास्तरांच्या तोंडून शब्द निघायच्या आधी तो पाटीवर येणार, म्हणजे अट मोडणार आणि पाटी जाणार. आणि न दाबावं, तर बाबांच्या डोळ्यांसमोर ‘आता…’ लटकत राहणार आणि त्यांना वाटणार, पाटीच बिघडली, पुन्हा फजिती. तिनं डोळे मिटले आणि बटण दाबलं.

पाटी कोपऱ्यात, मास्तरांच्या पाठीमागे होती. त्यांना ती दिसणं शक्यच नव्हतं. बाबांना दिसली. त्यांनी वाक्य वाचलं, मास्तरांकडे बघितलं, पुन्हा वाचलं. आयुष्य रंगमंचामागे काढलेला माणूस तो, नट अडकलेला त्यांना कळायला कितीसा वेळ लागणार! ते ताडकन उठले. कान गेल्यापासून त्यांना स्वतःच्या आवाजाचा अंदाज उरलेला नाही, त्यामुळे तो आवाज शेवटच्या रांगेच्या पलीकडे, बाहेर तिकीट खिडकीपर्यंत गेला.

“आता उशीखालची किल्ली बाहेर काढा! तिला घुसमटल्यासारखं होतंय!”

मग हॉल असा फुटला, की माझ्या तोंडातल्या टाचण्या आपोआप बाहेर पडल्या. लोक खुर्च्यांचे हात बडवत होते. मास्तर तसे अस्सल नट. त्यांनी कपाळावरचा घाम डॉक्टरी थाटात पुसला, बाबांकडे वळून वाकून नमस्कार केला आणि मालकांना म्हणाले, “पेशंटचे नातेवाईक माझ्यापेक्षा हुशार आहेत. फी त्यांनाच द्या.”

हे वाक्य कोणत्याच प्रतीत नव्हतं. बाबा अजून उभेच होते. सगळे हसताहेत एवढं त्यांना दिसत होतं, मास्तर आपल्याकडे बघून काहीतरी बोलले हेही दिसत होतं, आणि काय ते कळत नव्हतं. आणि तेवढ्यात पाटीवर एकेक अक्षर उमटायला लागलं. वहिनी ते वाक्य तिथल्या तिथे टाइप करत होती. दोन्ही रांगा मान उंचावून ती अक्षरं गोळा करत होत्या. शेवटचा शब्द आला, आणि बाबांनी कमरेवर हात ठेवून मास्तरांना उत्तर दिलं, “फी राहू द्या! आधी किल्ली काढा!”

पुढचं मला नीट सांगता यायचं नाही, कारण मला समोरचं काही दिसत नव्हतं. मी शेजारणीच्या झग्याला डोळे पुसत होते आणि ती बिचारी ओरडत होती की अगं, माझा प्रवेश आलाय, सोड.

मध्यंतरात वहिनी मागून धावत आली ती सरळ मास्तरांच्या समोर. मी बटण आधी दाबलं, म्हणाली. अट मोडली. मास्तर कोटाची बटणं सोडून वारा घेत बसले होते. ते म्हणाले, “ठरल्याप्रमाणे पाटी उतरवायची. आणि मधोमध लावायची, मला दिसेल अशी दुसरी हॉलच्या मागे. मेलो होतो आज.” वहिनी तिथेच खाली बसली आणि लहान मुलीसारखी खिदळायला लागली.

तोवर बाबा विंगेत येऊन पोचले होते. कितीतरी दिवसांनी ते त्या दारातून आत आले होते, आणि आल्या आल्या सुतारांवर डाफरत होते की पाटी तिरकी टांगलीय, शिडी आणा. मास्तरांनी उठून त्यांना मिठी मारली आणि त्यांच्या समोर उभं राहून सावकाश सांगितलं, की आता प्रत्येक प्रयोगाला तुम्ही पुढे बसायचं, मी नवीन प्रत आधी तुमच्याकडेच पाठवत जाईन, म्हणजे मी अडकलो तर तुम्ही आहात.

बाबांनी नुसता हात झटकला.

“प्रत तुमच्याकडेच ठेवा,” ते म्हणाले. “सगळं आधीच कळलं तर मी हसू काय, कपाळ? मला नाटक बघायचंय.”

मग त्यांनी वहिनीला विचारलं, पुढचा प्रयोग कधी आहे.